अंगठ्याचं उलटं पान

कमळी खरपडेच्या घरात दाराशेजारच्या खिळ्याला हातमोज्यांची एक जोडी टांगलेली आहे. राखाडी, कोपरापर्यंत येणारी, वेल्डिंग करणारे घालतात तशी. जोडी कोरी आहे. मोळी बांधायला, काटेरी कुंपण ओढायला असले मोजे कुणालाही उपयोगी पडतील. या जोडीला मात्र हात लावायची घरात कुणाला परवानगी नाही. कमळीच्या भावाला, बुधाला, तशी इच्छाही नाही. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत आणि उरलेली दोन कशात गेली हे तो रोज त्या खिळ्यावर पाहतो.

कमळी चाळीसची आहे. माहेर मासवणच्या पलीकडच्या डोंगरउतारावरचं. पावसाच्या भरवशावर नागली, वरी. पीक घरात आलं की घरची माणसं कामाला बाहेर. सतराव्या वर्षी ती अशीच हंगामापुरती बोईसरला आली आणि हातमोजे शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागली. हंगाम संपला तरी परत गेली नाही. पुढे लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं, आणि सरावलीत खोली घेऊन ती धाकट्या भावासोबत राहू लागली. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, बावीस बायका, एक सुपरवायझर आणि मालक जितेशशेठ. तिथे तेवीस वर्षांत तिने किती हातमोजे शिवले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मात्र त्या शेडमधल्या सगळ्यात अवघड जागेवर, म्हणजे अंगठ्यावर, तिच्याइतका साफ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे सगळ्या बायका आजही कबूल करतात. तिच्याशी न बोलणाऱ्यासुद्धा.

अंगठा अवघड का, हे समजायला माल समजावा लागतो. म्हशीचं जाड कातडं यंत्रावर आडवं चिरतात. वरचा गुळगुळीत थर बुटांना, पाकिटांना जातो. खालचा थर खरखरीत असतो. त्याला घासून त्यावर बारीक लव आणतात आणि बाजारात त्याला स्वेड म्हणतात. चामड्याची आतली बाजू बाहेर काढून वापरायची, असा हा प्रकार. लव एका दिशेने फिरवली तर बसते आणि कातडं फिकट दिसतं, उलट फिरवली तर उभी राहते आणि तोच तुकडा गडद होतो. त्यामुळे हातमोज्याचे सगळे तुकडे लव मनगटाकडून बोटांकडे जाईल असेच जोडायचे, हा शेडचा नियम. अंगठा आणि तळवा जिथे मिळतात तिथे जास्तीचा एक जोड बसतो. तो पिंपळपानासारखा नाही, आंब्याच्या पानासारखा, दोन्ही टोकांना सारखाच. शेडमध्ये त्याला पानच म्हणत. पान सरळ लावलं की उलटं, हे आकारावरून कळत नाही. तळहात फिरवूनच कळतं. शेडमधलं प्रत्येक पान कमळीच लावायची आणि आधी त्यावरून तळहात फिरवायची.

जितेशशेठला या मालाचा अभिमान होता. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की तो बायकांना पेढे वाटायचा आणि दरवर्षी तीच गोष्ट सांगायचा. पूर्वी फ्रान्समधल्या श्रीमंत बायका स्वीडन देशातून आलेले मऊ हातमोजे घालायच्या. फ्रेंच लोक स्वीडनला जे नाव देतात तेच पुढे त्या चामड्याचं नाव झालं. "म्हणजे हे नाव मुळात हातमोज्यांचं आहे. बूट नंतर आले, जाकिटं नंतर आली. तुम्ही बायका साधं काम करत नाही."

"मंग शेठ, त्या फ्रान्सच्या बायांना सांगा, आमचा पंखा दोन महिने बंद हाय," भागी म्हणायची. भागी कमळीच्या शेजारच्या मशीनवर बसायची आणि शेठला तोंडावर बोलू शकणारी ती एकटीच होती. शेठ हसायचा. पंखा होळीपर्यंत बंदच राहायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात गठ्ठ्यांमध्ये नवा माल यायला लागला. रंग तोच, लव तशीच. कमळीच्या बोटांना पहिल्याच दिवशी फरक कळला. चामडं एकसारखं नसतं. कुठे शीर लागते, कुठे जाड, कुठे पातळ. हा माल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच होता.

थंडीच्या दिवसांत कामाची पाळी सुरू होण्याआधी बायका शेडमागे कातरणांची शेकोटी करत. चामड्याची कातरण जळताना आक्रसते, काळी पडते, केस जळाल्यासारखी घाण येते. त्या सकाळी भागीने टाकलेली मूठभर कातरण वितळली आणि तिचा एक पेटता थेंब भागीच्या चपलेच्या पट्ट्यावर पडला. पट्टा तिथल्या तिथे तुटला.

"अगं, ही तर टपकते!" भागी एका पायावर उडी मारत म्हणाली.

सगळ्या हसल्या. कमळीही हसली. ही गोष्ट ती स्वतःहून सांगते आणि सांगताना काही मागेपुढे करत नाही.

त्याच दिवशी तिने सुपरवायझरला विचारलं. प्रदीप हा सांगलीकडचा, बोईसरात पंधरा वर्षं राहिलेला माणूस.

"प्रदीपदादा, हे चामडं नाय. कापड हाय."

"कमळे, तुला अंगठा शिवायचाय की लॅबोरेटरी काढायचीय?"

ती अंगठा शिवत राहिली. दहा जोड्यांच्या बंडलात वर एक आणि खाली एक जोडी चामड्याची, मधल्या आठ कापडाच्या, अशी बांधणी सुरू झाली. खोक्यावर पूर्वी "स्प्लिट लेदर", म्हणजे चिरलेलं चामडं, असं छापलेलं असायचं. नव्या खोक्यांवर फक्त "स्वेड" छापलं होतं. बायकांपैकी कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

बुधा तेव्हा लोखंडी सळ्या ओढणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे मदतनीस होता. वाकडी गेलेली तापलेली सळी चिमट्याने बाजूला घ्यायची, हे त्याचं काम. मे महिन्यात एका दुपारी चिमटा सटकला आणि सळी अंगावर येऊ नये म्हणून त्याने ती क्षणभर हाताने ढकलली. हातात मोजा होता. असल्या क्षणासाठीच तो असतो. चामडं करपतं, माणूस मोजा झटकून हात बाहेर काढतो, तळव्याला फोड येतात आणि आठ दिवसांनी तो कामावर जातो. बुधाचा मोजा करपला नाही, वितळला. झटकून निघाला नाही. इस्पितळात तो कापून काढावा लागला आणि त्याच्यासोबत जे निघालं त्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट होतं.

मोज्याचे तुकडे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमळीच्या हातात दिले. अंगठ्याकडचा भाग शाबूत होता. शिवण संपवताना सगळ्या बायका दोन टाके मागे घेतात. कमळी तीन घेते.

"तीन व्हते," ती सांगते. "मोजायची गरज नव्हती. तरी मोजले."

चौथ्या दिवशी जितेशशेठ सफरचंदांची पिशवी घेऊन इस्पितळात आला. मोजे आपल्याकडचे आहेत हे त्याला तोवर कळलं होतं. खाटेजवळ उभा राहून तो म्हणाला, "हातमोजा होता म्हणून एवढ्यावर निभावलं, कमळी. नाहीतर अख्खा हात गेला असता."

बुधाने पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताला लावून नमस्कार केला. "शेठ, उपकार झाले," तो म्हणाला. तो हे मनापासून म्हणाला होता.

कमळीने सफरचंदं घेतली, धुतली आणि भावाला कापून दिली. शेठच्या त्या वाक्याबद्दल ती आजही एकच गोष्ट सांगते. "कापड घातलं ते मी माफ केलं असतं कदाचित. मीच शिवलं व्हतं. पण तो बुधाकडून हात जोडून घेऊन गेला."

आठवड्याने ती कामावर हजर झाली. पुन्हा अंगठे शिवू लागली. प्रदीपने दोन दिवस नजर चुकवली, मग त्याचीही भीड गेली. ऑगस्टमध्ये शेठने बुधाला कारखान्याच्या गेटवर खुर्ची दिली. वॉचमनचं काम. कुणी गिऱ्हाईक आलं की शेठ गेटवर थांबून म्हणायचा, "दुसऱ्या कंपनीत अपघात झाला बिचाऱ्याचा. आम्ही सांभाळून घेतला." बुधा उठून सलाम करायचा. तीन बोटांचा सलाम कमळीला तिच्या मशीनवरून सरळ दिसायचा.

जूनपासून तिने आपलं काम सुरू केलं होतं. चामड्याची जोडी हाती आली की पान सरळ. कापडाची आली की पान उलटं. बस एवढंच. उलट्या पानाची लव मनगटाकडे यायची आणि अंगठ्याच्या बुडाशी एक गडद डाग दिसायचा. बाकी शिलाईत एक टाका इकडेतिकडे नाही. प्रदीप जोड्या मोजायचा, लव तपासायचा नाही. गेल्या कित्येक वर्षांत कमळीच्या अंगठ्यावर त्याने बोट ठेवलेलं नव्हतं.

भागीला नवव्या दिवशी दिसलं.

"कमळे, डोळे गेले काय तुझे? पान उलटं लावतेस."

"वय झालं."

भागीने बंडल ओढून चार जोड्या पाहिल्या. मग आणखी चार. तिचा हात थांबला. तिने कमळीकडे पाहिलं, बंडल होतं तसं बांधलं आणि पुढे सरकवलं. "माझं घर या मशीनवर चालतं, ध्यानात ठेव," एवढंच म्हणाली. त्यानंतर पाच महिने दोघी त्या विषयावर बोलल्या नाहीत. डबा मात्र एकत्र खात होत्या.

घाई करायची नाही, हे कमळीने ठरवलं होतं. एक जोडी घेऊन कुठे गेली असती तर शेठ म्हणाला असता, चुकून आली, बदलून देतो. तिला एवढी मोठी चूक हवी होती की ती चूक म्हणताच येऊ नये. जून ते नोव्हेंबर शेडमधून बाहेर पडलेला प्रत्येक कापडी हातमोजा तिची खूण घेऊन गेला. औद्योगिक वसाहतीतल्या किती कारखान्यांत ते गेले हे तिला माहीत नव्हतं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोणतं, ते माहीत होतं. त्या कंपनीची सेफ्टी ऑफिसर नोव्हेंबरात शेडची पाहणी करायला आली. वैभवी तिचं नाव, तिशीच्या आतली, पालघरकडून रोज स्कूटीवर येणारी. त्या दिवशी टेबलांवर सगळं चामडंच मांडलेलं होतं. वैभवी समाधानाने परत गेली. जाताना तिने गेटवर बुधाला विचारलं, "काका, हात कशाने गेला?" बुधाने खरं ते सांगितलं, "गरम सळीने." हातमोज्याचं त्याला सुचलंच नाही. वैभवीने दुसऱ्यांदा त्याच्या हाताकडे पाहिलं, हे कमळीने मशीनवरून टिपलं.

पुढच्या शुक्रवारी, वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, कमळी त्या कंपनीच्या गेटवर गेली. तिथली भट्टी शुक्रवारीही बंद नसते.

"किससे मिलना है?" वॉचमनने विचारलं.

"वैभवी मॅडमला. सांगा, हातमोजेवाली आली."

"मॅडम बिझी हैं. कल आओ।"

"तुमचे हात बघू," कमळी म्हणाली. वॉचमनने नकळत हात पुढे केले. "बोटं दहा हायत. मॅडमला सांगा, नऊवाला येण्याआधी बोलवा."

तिला आत घेतलं. वैभवीच्या टेबलावर तिने काही ठेवलं नाही, कागद दाखवला नाही. म्हणाली, "स्टोअरमधले आमचे मोजे काढा. अंगठ्याच्या बुडाशी पान काळं दिसेल ते एका बाजूला, फिकं दिसेल ते एका बाजूला. मग दोन्ही जाळून बघा."

स्टोअरमध्ये चारशे जोड्या होत्या. तीनशे वीस गडद पानाच्या निघाल्या, ऐंशी फिक्या. वैभवीने दोन्ही ढिगांतून पंचवीस-पंचवीस जोड्या काढून प्रत्येकीचा तुकडा ज्योतीवर धरला. गडद सगळे टपकले. फिके सगळे करपले. एकही अपवाद नाही.

"तुमचं नाव न घालताही मी रिपोर्ट करू शकते," वैभवी म्हणाली.

"नाव घाला. फक्त त्याला बोलवाल तेव्हा मला तिथं उभं करा."

"कशाला?"

"मला त्याचा हात बघायचाय."

मंगळवारी सकाळी अकराला कंपनीच्या मेंटेनन्स शेडमध्ये जितेशशेठ आणि प्रदीप आले. वैभवी होती, तिचे दोन वरिष्ठ होते, स्टोअरचा माणूस होता. कोपऱ्यात एक इलेक्ट्रिक शेगडी आणि तिच्यावर तापून लाल झालेली लोखंडी पट्टी होती. वैभवीने ती तुकडे जाळून दाखवायला ठेवली होती. कमळीला पाहून शेठ थांबला, मग हसला.

"अरे, कमळीबाई! सुट्टी टाकलीस ती यासाठी?"

वैभवीने तुकडे जाळून दाखवले. शेठचा आवाज चढला नाही. त्याने खोकं मागवलं आणि छापलेल्या शब्दावर बोट ठेवलं. "मॅडम, इथे लेदर लिहिलंय का? स्वेड लिहिलंय. स्वेड म्हणजे स्वीडन. एका देशाचं नाव आहे, त्यात चामडं कुठे आलं? आज बाजारात सोफ्याचं कापड, गाड्यांची सीट कव्हरं, सगळं स्वेड म्हणूनच विकलं जातं. तुमच्या ऑर्डरमध्येसुद्धा स्वेड हँडग्लोज एवढंच आहे."

वरिष्ठांनी ऑर्डर काढून पाहिली. खरंच तेवढंच होतं.  प्रदीपने खुर्ची पुढे ओढली.

दसऱ्याच्या पेढ्यांबरोबर दरवर्षी ऐकलेली गोष्ट शेवटी कशाला कामाला आली, हे कमळीला तिथे समजलं. तिला नावाशी देणंघेणं नव्हतं. तिने टेबलावरच्या ढिगांतून दोन जोड्या उचलल्या आणि शेठपुढे ठेवल्या. एक गडद पानाची, एक फिक्या. पानांच्या खुणेबद्दल शेठला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"शेठ, दोन्ही तुमचे ना?"

"माझेच."

"दोन्ही हातमोजेच ना?"

"मग काय पायमोजे आहेत?" शेठ वरिष्ठांकडे बघून हसला.

"मंग यातली कोणतीबी जोडी घाला आन् ती पट्टी उचला. बुधानं धरली तेवढाच वेळ."

"कमळे, तोंड सांभाळ," प्रदीप म्हणाला.

वैभवीने कुणाला थांबवलं नाही. शेठने खांदे उडवले. तीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, पाच-सहा जणांसमोर मागे हटायची त्याची तयारी नव्हती. त्याने हात पुढे केला. आधी डाव्या जोडीवरून अंगठा फिरवला, मग उजवीवरून. क्षणभर. मग उजवी उचलली आणि घालायला लागला.

ती फिक्या पानाची होती.

"ही का नाय?" कमळीने दुसरी जोडी त्याच्या छातीसमोर धरली. "दोन्ही स्वेड हायत. दोन्ही तुमचेच. बोटांनी चाचपून चामडंच का उचललंत, शेठ?"

मोजा अर्ध्यावर अडकलेल्या हाताने त्याने ती जोडी बाजूला सारली. शेठने प्रदीपकडे पाहिलं. प्रदीप खोक्याकडे बघत होता. वैभवीने पेन उघडलं आणि जे घडलं ते त्याच क्रमाने लिहून काढलं: पुरवठादाराने दोन जोड्या स्पर्शाने तपासल्या, चामड्याची निवडली, दुसरी घालण्यास नकार दिला. त्या अहवालात स्वेड हा शब्द कुठेही नाही.

महिन्याभरात वसाहतीतल्या सहा कारखान्यांनी आपापल्या स्टोअरमध्ये गडद पानं शोधली. माल परत आला, नोटिसा आल्या, चौकशी सुरू झाली. मार्चमध्ये शेडला कुलूप लागलं. बावीस बायका घरी बसल्या. बुधाची खुर्चीही गेली.

भागी आता पास्थळला एका पॅकिंगच्या कामावर जाते. तिथे दिवसभर उभं राहावं लागतं. बाजारात कमळी दिसली तर ती रस्ता ओलांडते. एकदाच समोर आली, तेव्हा म्हणाली, "तुझ्या भावाची दोन बोटं गेली. आमचे बावीस जणींचे हात गेले." भागीचं चूक आहे असं कमळी म्हणत नाही.

बुधाने तिला एका संध्याकाळी जेवताना विचारलं होतं, "समाधान झालं का तुझं?"

"नाय."

"आता काय राहिलं?"

"त्यानं चुकीची जोडी उचलली असती तर मी त्याला थांबवलं नसतं," ती म्हणाली. "मी वाट बघत व्हते."

बुधाने ताटातला हात काढून घेतला. त्या दिवसापासून तो बहिणीशी जरा जपून बोलतो.

या ऑक्टोबरात प्रदीप सरावलीत आला. शेठने वैतरणेच्या पलीकडे दुसऱ्या नावाने नवी शेड घेतली आहे, माल सगळा खरा, चामड्याचा. अंगठ्यावर बसवायला माणूस मिळत नाही. झालं गेलं विसरून शेठ बोलावतोय, बुधालाही गेटवर घेतो म्हणालाय. बुधा दारातच बसला होता. त्याने मान वर केली.

कमळीने ऐकून घेतलं. प्रदीपला चहा दिला. मग खिळ्यावरची जोडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. अंगठ्याच्या बुडाशी पान गडद होतं.

"शेठला सांग, ही घालून ये. आमच्या चुलीतला निखारा उचल. मंग मी उद्यापास्नं कामावर."

प्रदीपने जोडी हातात घेतली, उलटी केली, पानाच्या टोकाचे तीन टाके पाहिले. ती बरोबर न्यायचं त्याच्याने झालं नाही. चहाच्या कपाशेजारी ठेवून तो निघून गेला.

कमळीने जोडी उचलली, अंगठ्यावरून एकदा तळहात फिरवला आणि परत खिळ्याला टांगली.